एक जुलैची पोट्टी

पुष्पलताले मावशीकडे येऊन पाच दिवस झाले, पण ती एका जागी बसली असं काही झालं नाई. जेवायले बसे तर अर्ध्या भाकरीवरून उठे. भांडे घासायले घेई, ते तसेच राखेत ठेवून दारात जाऊन उभी राहे. रस्त्यानं कोणी सायकलची घंटी वाजवली का हिचा हात दाराच्या कडीवर. मावशी म्हणे, "पुष्पे, तू अशी फिरत राहिली तर माह्या घराची जमीन झिजून जाईन." पोट्टी हसे, बसे, अन् दोन मिनिटात परत उभी.

बायजाबाई मावशी लकडगंजात राहे, आरा मशिनींच्या मागच्या वस्तीत. सकाळी मशिनीखालचा लाकडाचा भुसा बोऱ्यात भरायचा, हातगाडीवर टाकायचा अन् शेगडीसाठी घरोघरी विकायचा, हा तिचा धंदा. नवरा वारलेला, लेकरू नाई. घरात जिकडेतिकडे भुसाच भुसा. मिठात भुसा, केसात भुसा, चहात फुंकर मारून प्यायचा. तोंड मात्र असं, का वीज जाऊन आरा मशिनी बंद पडल्या तरी हिचं चालू.

पुष्पलताची माय म्हणजे बायजाबाईची मोठी बहीण. ती वारली त्याले चार वर्षं झाले. तेव्हापासून शहरातल्याच इंदोरा वस्तीतल्या घरात पोट्टी अन् तिचा बाप देवराव, दोघंच.

आता हा देवराव बाहेरून पाहाल तर नाव ठेवायले जागा नाई. मिलमध्ये जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम. दारूचा थेंब नाई, विडी नाई. सदरा असा पांढरा का कावळा बसला तर कावळ्यालेच लाज वाटन. विहाराच्या कमिटीत, बुद्ध पौर्णिमेले खीर वाटायले सगळ्यात पुढे. बाया आपल्या नवऱ्यांना त्याचं नाव घेऊन टोमणे मारत. अन् हाच माणूस आतून कडी लावली का दुसराच होई. माय जिवंत होती तंवर मार मायच्या आंगावर जाये. माय गेली, मंग मारानं पोट्टीचं आंग धरलं. वरणात मीठ कमी, मार. नळावर दोन शब्द बोलली, मार. खिडकी काहून उघडी, मार. ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावून जाये. लोकांना सांगे, चोऱ्या होऊन राहिल्या. एकदा स्टोव्ह भडकला, पडदा पेटला. पोट्टीनं प्यायच्या पाण्याचा माठ उपडा करून आग विझवली अन् बंद दाराच्या आत धुरात खोकत बसली. बाप आला अन् त्यानं पडद्यासाठी मारलं.

दिवाळीच्या आधी त्याले तांदळाच्या डब्याखाली नर्सच्या ट्रेनिंगचा फारम सापडला. त्यानं काही विचारलं नाई. तिचं डावं मनगट धरलं अन् पिळत राहिला, आतून आवाज येईपर्यंत. हाड बसवणाऱ्याले सांगतलं, नळावर घसरली. हाड बसवणारा कमिटीतलाच, त्यानं काही विचारलं नाई.

मंग एक दिवस नळाले पाणी उशिरा आलं. ड्युटीची वेळ झाली, पाणी तर भरलं पाहिजे. देवरावनं कुलूप लावलं नाई, बाजूवालीले म्हणे, जरा लक्ष ठेवजा. बाजूवालीनं लक्ष ठेवलं. पोट्टी हात गळ्यात बांधून, दुसऱ्या हातात कपड्याचं गाठोडं घेऊन निघाली, तेव्हा ती बाई पाठ फिरवून तांदूळ निवडत बसली. दिवसाढवळ्या इंदोऱ्यापासून लकडगंजापर्यंत पोट्टी पायी आली.

सहाव्या दिवशी हवालदार आला. महादेवराव नाव, पोट पुढे, कागद हातात.

"बायजाबाई तुम्हीच का?"

"मीच. भुसा पाहिजे का?"

"भुसा नको. पोरगी पाहिजे."

पुष्पलता दाराआड होती. तिचे पाय मागच्या भिंतीपर्यंत गेले अन् भिंतीले टेकले. मागे दार नव्हतं.

महादेवरावनं कागद वाचला. देवरावची तक्रार होती. माही पोरगी सतरा वर्षांची, कायद्यानं अज्ञान, तिच्या मावशीनं फूस लावून पळवून नेली.

"अज्ञान कोणाले म्हणते?" बायजाबाई म्हणाली. "मॅट्रिक झाली ते."

"बाई, मॅट्रिक असो का मास्तरीण, अठराच्या आत म्हणजे अज्ञान. अन् अज्ञान पोरगी बापाच्या ताब्यातून नेली का तो गुन्हा होते. शाबीत झालं तर तुम्ही आत."

"अन् मी?" पुष्पलता बाहेर आली.

महादेवरावनं तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मनगट सुजून निळंपिवळं पडलं होतं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"सोमवारी तुले कोर्टात साहेबासमोर उभं करा लागते. सतरा निघालं तर बापाच्या हवाली. अठरा निघालं तर तुही मर्जी. नियमानं मी आजच नेली पाहिजे, पण..." त्यानं परत हाताकडे पाहिलं. "बाई, लिहून द्या, सोमवारी आणून उभी करतो म्हणून. अन् आणजा मातर. नाई तर माही वर्दी जाईन."

बायजाबाईच्या रोजच्या गिऱ्हाइकात एक वकील होते, मनोहरराव. त्यांच्या घरी भुशाची शेगडी, महिन्याले चार बोरे. त्याच दिवशी हातगाडी घेऊन दोघी त्यांच्या दारात. वकील कोट घालून व्हरांड्यात बसले होते. कोटाच्या बाह्या घासून चमकून राहिल्या होत्या.

"बस ना पोरी," ते म्हणाले.

"मी उभीच बरी," पुष्पलता म्हणाली अन् या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरायले लागली.

वकिलानं सगळं ऐकून घेतलं. मंग बोटं मोडत बोलले. "एक रस्ता असा. मावशीले पालक नेमा, म्हणून कोर्टात अर्ज टाकायचा. बाप आडवा येईन, सहा महिने कुठं जात नाईत, सालभर बी लागन. अन् त्याच्यात एक खोच आहे. कोर्टानं पालक नेमला, का मंग पोरगी अठराले सज्ञान होत नाई. एकवीसले होते."

"हे कोणतं गणित?" बायजाबाई म्हणाली.

"कायद्याचं."

पुष्पलता खांबापाशी थांबली. "म्हणजे सुटायले गेली तर आणखी तीन वर्षं बांधल्या जाईन."

"असंच समज. दुसरा रस्ता लग्न. पण अठराच्या आत असलं तर त्याले बी बापाची मंजुरी लागते."

"कुलूप त्याचं अन् किल्ली बी त्याची," मावशी म्हणाली.

"मले करायचंच नाई लग्न."

"बरं. तिसरा, मारहाणीची फिर्याद. ती टाकू. पण साक्षीदार?"

"हाड बसवणारा कमिटीतला," पुष्पलता म्हणाली. "बाजूवाली आहे, पण ती तांदूळ निवडते."

वकील हसले नाई. "अन् फिर्याद चालू राहन तोपर्यंत तू कुठं राहशील? सतराची असली तर त्याच्याच घरी." त्यांनी शाळेचा दाखला चष्म्याजवळ धरला. "एक जुलै सत्तावन्न. आता नोव्हेंबर चौऱ्याहत्तर. सतरा वर्षं चार महिने. याच्यानं तर काही होत नाई."

"ते खोटं आहे," बायजाबाई म्हणाली. "ही दीक्षेच्या सालची आहे. छप्पनची. दसऱ्याच्या दिवशी दीक्षा झाली, तेव्हा माही बहीण एवढं पोट घेऊन मैदानात बसली होती. मी तिच्या मागे बसून पाठीले टेका दिला. त्याच्या आठव्या दिवशी ही झाली. मी सुईणीले पाणी तापवून दिलं, मले नाई माहीत?"

वकिलानं बोटावर मोजलं. "म्हणजे अठरा पुरे होऊन महिना होऊन राहिला. मंग दाखल्यावर सत्तावन्न कुठून आलं?"

"कानापायी."

"काय?"

"शाळेत मीच घेऊन गेली होती हिले. चंद्रभान गुरुजी होते. ते जन्मतारीख विचारतच नसत, कोणाच्या घरी तारीख होती? ते म्हणत, डोक्यावरून हात घे अन् पलीकडचा कान धर. धरला तर सहा वर्षं पुरे, नाव दाखल. हिचा हात दोन बोटं कमी पडला. आंगात काही नव्हतंच हिच्या. गुरुजी म्हणे, लहान आहे, पुढच्या साली आणा. पुढच्या साली आणली, कान धरला. गुरुजीनं लिहिलं, आज सहा पुरे. तारीख एक जुलै."

वकिलानं चष्मा काढला अन् पहिल्यांदा हसले. "माही बी एक जुलैच आहे. अन् घरातलीची बी."

पुष्पलताले हसू आलं नाई. ती आपल्या हाताकडे पाहून राहिली. दोन बोटं. तेवढ्यापायी आता परत ते घर, तो माणूस, ते कुलूप. तिनं परत खांबाचा रस्ता धरला.

"नगरपालिकेत नोंद?" वकिलानं विचारलं.

"घरीच झाली. नोंद बापानं करायची असते. त्यानं केली नाई."

"गुरुजी येतीन?"

"येतीन. बोलावलं का येते ते."

"तेवढ्यानं भागणार नाई. कोर्ट कागद पाहते, कान पाहत नाई." वकिलानं दाखल्याची घडी घातली. "खरी तारीख पक्की माहीत असलेला आणखी एकच माणूस आहे."

"कोण?"

"तिचा बाप."

बायजाबाईनं हात झटकले. "तो कायले सांगन?"

पण पुष्पलता थांबली होती. "सांगते तो," ती हळू म्हणाली. "दर दसऱ्याले विहारात सांगते. मले बाजूले उभी करून सांगते. आपल्या वस्तीत दीक्षेनंतर पहिलं लेकरू माह्या घरी झालं, म्हणते. माय होती तेव्हा पेढे वाटत होता."

वकिलानं वहीत काहीतरी लिहिलं अन् वही बंद केली. "हे कोणाजवळ बोलू नका," एवढंच म्हणाले.

शनिवार-रविवार कसे गेले ते त्या पोट्टीलेच माहीत. घरात बसवेना म्हणून ती मावशीसंग हातगाडीमागे फिरली. एका हातानं गाडी ढकले. प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यात बाप दिसे. रविवारी दुपारी ती म्हणाली, "मावशी, मी कामठीले निघून जाऊ का? नाई तर गाडीत बसून कुठंबी."

"जा ना. तू जाशील गाडीत अन् मी जाईन हवालदाराच्या गाडीत."

मंग ती ते बोलली नाई. पण रस्त्यात जो तो फाटा आला, त्याच्याकडे पाहत राहिली.

सोमवारी अकराले कोर्टात गेल्या. पुकारा तीनले झाला. चार तास पुष्पलता व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक शिपाई म्हणाला, "बाई, फरशी सरकारी आहे." बारा वाजता देवराव आला. धुतलेला सदरा, संग कमिटीचे पाच जण. पोट्टीजवळ येऊन त्यानं डोक्यावर हात ठेवला अन् सगळ्यांना ऐकू जाईन असं म्हणाला, "जेवली का वं माय?"

तिचं मनगट ठणकायले लागलं. तिनं मान हलवली, हाव का नाई ते तिलेच कळलं नाई.

"भाऊजी, हात काढा," बायजाबाई म्हणाली.

"पोरगी माही आहे, बायजा."

"आहे ना. म्हणून तर कोर्टात आलो."

आत साहेब बसले होते. वाळकट, खोकलत होते. देवरावनं आपलं सांगतलं. आवाजात पाणी होतं. माय नाई पोरीले, मी दोन्ही जागी आहे, मावशीनं कान भरले. दाखला पुढे गेला. साहेबानं तो पाहिला अन् उजेडात धरून परत पाहिला. पुष्पलताले वाटलं, संपलं.

मंग चंद्रभान गुरुजी. सत्तरी ओलांडलेले, धोतर, काठी. त्यांनी कानाचं सगळं सांगतलं, लाजले नाई का घाबरले नाई.

"त्या साली दाखल झालेल्या किती पोरांची तारीख एक जुलै लिहिली?" साहेबानं विचारलं.

"बेचाळीस पोरं दाखल झाली होती, हुजूर."

"त्यातली किती?"

"बेचाळीस."

मागे लोक हसले. साहेबाचा पेशकार, म्हणजे लिहिणारा कारकून, मात्र खाली मान घालून कागद लावत बसला. त्याची बी एक जुलैच असन. साहेब म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं असन. पण हात कानाले पोचला नाई म्हणून पोरगी वर्षानं मोठी, हे मी हुकुमात कसं लिहू?"

पुष्पलतानं मागच्या दाराकडे पाहिलं. तिनं कठडा धरला.

मनोहररावनं देवरावले परत उभं केलं. आवाज असा गोड, जसा घरी पाहुणा आला.

"देवरावजी, तुम्ही दीक्षा घेतली?"

"घेतली. पहिल्याच दिवशी." देवरावची छाती पुढे आली.

"घरची बाई संग होती?"

"होती. दिवस भरले..." तो थांबला. डोळे दाखल्याकडे गेले.

"कोणते दिवस?"

"गर्दी होती. दिवस... बाया होत्या, मी माणसात होतो. मले याद नाई."

"हाव, अठरा वर्षं झाले. बरं, वस्तीत दीक्षेनंतर पहिलं लेकरू कोणाच्या घरी झालं, हे तरी याद असन."

"नाई याद."

मागे कमिटीवाले बसले होते. त्यांच्यात कुजबुज झाली. पुष्पलतानं पाहिलं, बापाचे कान लाल होऊन राहिले. या माणसाले ती ओळखत होती. हे लाल कान पाहून ती घरात आपोआप कोपऱ्यात सरके. आता कठड्यामागे कोपरा नव्हता, म्हणून ती तशीच उभी राहिली.

"असू द्या," वकील म्हणाले. "नत्थूले विचारतो. तो तिथंच बसून आहे. पहिलं लेकरू त्याच्या घरी झालं, असं तो म्हणते."

नत्थू म्हणजे वस्तीच्या नाक्यावरचा चहावाला, वकिलानंच आज बोलावून बसवलेला. दर दसऱ्याले देवराव बोलला का हा मागून बोले, माहा पोरगा आधीचा, अन् दर साली दोघांची जुंपे. आता नाव निघालं तसा नत्थू उठून उभाच राहिला. "झालाच आहे माह्या घरी," तो म्हणाला. "देवरावनं आज कबूल केलं म्हणायचं."

"काय कबूल केलं?" देवराव वळला. "तुहा पोरगा दिवाळीच्या नंतरचा आहे, नत्थ्या. माही पोरगी दीक्षेच्या आठव्या दिवशी झाली. आठव्या. सगळी वस्ती जाणते. तू तेव्हा माह्या घरचा पेढा खाल्ला अन् आज..."

पेशकाराची लेखणी चालून राहिली होती. ती थांबली तेव्हा देवरावले कळलं. त्यानं साहेबाकडे पाहिलं. साहेब बोटावर मोजून राहिले होते.

"दसरा छप्पन," साहेब म्हणाले. "वर आठ दिवस. देवराव, हे तुम्ही स्वतः सांगून राहिले, बरोबर?"

देवरावनं वळून कमिटीवाल्यांकडे पाहिलं. मागे कमिटीतला एक बुढा म्हणाला, "बरोबरच आहे साहेब. मी बी पेढा खाल्ला होता."

साहेबानं पोट्टीकडे मान वळवली. "तुले कुठं राहायचं आहे?"

हा सवाल तिले कोणी कधी केलाच नव्हता. मावशीनं मागून ढोसलं. साहेब खोकलले, थांबले.

"मावशीकडे," ती म्हणाली. "मंग नर्सच्या होस्टेलात."

"अन् बापाकडे?"

"नाई."

साहेबानं लिहिलं. पोरगी सज्ञान आहे, तिची मर्जी असन तिथं जाऊ द्या. बायजाबाईवरची तक्रार काढून टाकली. पुढचा पुकारा झाला. एवढंच.

बाहेर देवराव सायकल घेऊन उभा होता, पायऱ्यांच्या खाली. कमिटीवाले जरा लांब, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. तो रोजच्यासारखा म्हणाला, "चाल. बस मागे."

अन् पुष्पलताचा एक पाय खाली उतरला. तिनं स्वतः पाहिलं तो पाय उतरताना. चार वर्षं असंच ऐकून राहिली होती, पायाले कोर्टाचा हुकूम कुठं माहीत. भीती वाटली तिले, बापाची नाई, त्या पायाची. तिनं तो उचलून परत वर घेतला.

"नाई येत."

"काय म्हणली?"

"नाई येत म्हटलं."

देवरावनं हवालदाराकडे पाहिलं. महादेवराव तोंडात तंबाखू धरून उभा होता. "माह्याकडे काय पाहता?" तो म्हणाला. "मर्जी तिची."

देवराव थोडा वेळ हँडल धरून उभा राहिला. सदऱ्याची बाही नीट केली. मंग खालच्या आवाजात, जसं खरंच विचारायचं होतं तसं, म्हणाला, "मंग भाकरी कोण करन?"

बायजाबाई पोट्टीच्या बाजूले येऊन उभी राहिली. देवराव सायकलवर बसला अन् गेला. त्याच्या मागे कोणी गेलं नाई.

महादेवरावनं कागद पुढे केला. "इथं सही कर. आपल्या मर्जीनं चालली म्हणून."

पुष्पलतानं कागद दोनदा वाचला. पायऱ्यांच्या कठड्यावर ठेवून सही केली, डाव्या हातानं कागद धरता येईना म्हणून नाव वाकडं झालं. कागद परत दिला. हवालदारानं घडी घातली, खिशात टाकला. ती तिथंच उभी. मावशी दोन पायऱ्या उतरून गेली, मागे वळून पाहायले लागली.

"जाऊ का मी आता?" तिनं महादेवरावले विचारलं.

"मले काहून विचारतं वं, पोरी?" तो म्हणाला अन् थुंकायले बाजूले गेला.

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. विचारायले दुसरं कोणी नव्हतं. मंग ती पायऱ्या उतरायले लागली.